रेघ निसर्गाची की माणसाची?

विदर्भातल्या आपल्या बौद्ध वस्त्यांत शिबिर घेतो तेव्हा दोन रिपोर्ट हमखास आमच्या हातात येतात: सिकलसेलचा आणि बीपीचा. दोन्हींत लोक 'आहे की नाही' एवढंच विचारतात. पण हे दोन 'आहे' एकसारखे नाहीत.

सिकलसेलच्या तपासणीत रक्तातल्या एस हिमोग्लोबिनचं प्रमाण कळतं. अनेकांचे आकडे मांडले की तीन वेगळे ढीग पडतात. निरोगी माणसात एस नसतंच, वाहकात साधारण 30 ते 40 टक्के, रुग्णात बहुतेक सगळं एस. (नुकतंच रक्त चढवलं असेल तर रिपोर्ट फसवतो, तसं आधी सांगावं.) म्हणून वाहक हा 'अर्धा रुग्ण' नव्हे. वाहक मुलीची सोयरीक मोडणं हा निव्वळ अन्याय आहे. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, म्हणून तपासणी मुलाचीही हवी.

बीपीचे आकडे मांडले तर एकच टेकडी दिसते, मधे दरी नाही. 140/90 ही रेघ उपचारासाठी माणसांनी मारली. 2017 मध्ये अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी ती 130/80 वर आणली आणि लाखो माणसं बसल्या जागी 'रुग्ण' झाली. रेघ कोणी मारली हे विचारायची आपल्याला सवय आहेच! धोका मात्र खरा असतो, आणि तो 140 च्या आधीपासूनच चढत जातो.

टेकडी एकच दिसली तरी पोटात दोन गट लपलेले असू शकतात. ते ओळखायची युक्ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी काढली. समजा उदासी, झोप आणि भूक ही तीन लक्षणं घेतली. लोकांना उदासीच्या क्रमाने उभं करायचं आणि प्रत्येक टप्प्यावर झोप नि भूक जोडीने बिघडतात का, ते पाहायचं. खरोखर दोन गट असतील तर ते जिथे मिसळतात त्या टप्प्यावर ही जोडी एकदम घट्ट दिसते, दोन्ही टोकांना सैल. नुसती चढण असेल तर सगळीकडे सारखीच. नैराश्यावरच्या अशा बऱ्याच अभ्यासांचा कल चढणीकडेच आहे.

नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची एक तपासणी सर्रास वापरतात. गुण 0 ते 27, रेघ बहुधा 10 वर. 9 गुण आले म्हणून बाईला 'काही नाही' सांगून घरी पाठवू नका. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा आहे. त्यात एक गुण जरी पडला, तरी बेरीज न बघता तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा.