पाटणकर बाजारातील थंडीचा कारखाना

डिसेंबरच्या अखेरीस ग्वाल्हेरीस उतरलेल्या प्रवाशाने नाताळ पाहावयाचाच असा हट्ट धरला, तर त्याला मुरारकडे जावे लागते. 1886 पर्यंत तेथे इंग्रजांची छावणी होती, आणि त्या काळाचा अवशेष म्हणून त्या रात्री तेथे प्रार्थना होतात, मेणबत्त्या लागतात. लष्कर भागाच्या बाजारपेठांत मात्र हा आठवडा निराळ्या कारणांनी ओळखला जातो. कोणी सांगतो, 1924 साली 25 डिसेंबरलाच शिंद्यांच्या छावणीत अटलबिहारी वाजपेयी जन्मले. कोणी सांगतो, तानसेनाच्या समाधीपाशी हजिऱ्याला भरणारा संगीत समारोह हा याच महिन्यातला. कोणी 1905 साली माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केलेल्या मेळ्याची दुकाने आता मांडली जात असल्याची वर्दी देतो. आणि कोणी यांपैकी काहीच न सांगता वर्तमानपत्राच्या कागदावर तीळ-गुळाच्या गजकेचा तुकडा ठेवून तो पुढे सरकवतो. मला या चौथ्या गृहस्थाचे म्हणणे अधिक पटले, आणि ही गजक होते कशी हे पाहावे म्हणून मी पाटणकर बाजाराकडे वळलो.

दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले, आणि तळावरील सरदार-मानकऱ्यांची नावे वस्त्यांना व बाजारांना कायमची चिकटली. निंबाळकरांची गोठ, फाळके बाजार, शितोळ्यांची गोठ, तसाच हा पाटणकर बाजार. सरंजाम गेले, दफ्तरे बंद झाली, वाड्यांच्या ओसऱ्यांवर दुकानांच्या पाट्या आल्या, पण पत्ता सांगताना रिक्षावाला आजही त्या सरदारांची नावे इमानेइतबारे उच्चारतो. त्यांपैकी एकाही घराण्याची हकिकत त्याला ठाऊक नसते आणि असण्याचे कारणही नाही.

बाजाराच्या मुख्य रस्त्यावरून एका बोळात शिरले की धुक्यातही दिशा चुकत नाही, कारण कढत गुळाचा आणि भाजलेल्या तिळाचा वास पुढे चालत असतो. कारखाना म्हणजे एक लांबट, धुरकट खोली. एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला दगडी फरशी, आणि मधल्या भिंतीत पक्की ठोकलेली एक जाड खुंटी. मालक दाराशी गल्ल्यावर बसतात. मी काय पाहावयास आलो आहे हे त्यांना प्रथम नीटसे उमगले नाही. पण मी विकत काही घेणार नाही असे नाही, एवढे कळताच त्यांनी मला भट्टीच्या उबेला एक पाट दिला.

तीळ अगोदरच धुऊन, साल काढून, वाळवून ठेवलेले असतात. ते कढईत मंद आचेवर भाजताना कारागीर त्यांच्याकडे फारसा पाहतही नाही; तडतड ऐकतो आणि मधूनच एक चिमूट बोटांत चुरून पाहतो. तिळात सुमारे निम्मे तेलच असते, त्यामुळे आच क्षणभर जास्त झाली तर सगळा घाणा कडवट होतो, आणि कमी पडली तर पुढे कितीही कुटले तरी कच्चेपणा जात नाही. शेजारच्या कढईत गुळाचा पाक उकळत असतो. त्याची परीक्षा लाडवाच्या पाकासारखी तारेवर होत नाही. थंड पाण्यात थेंब टाकावयाचा, तो दाताखाली धरावयाचा, आणि कट्कन मोडला तरच कढई उतरवावयाची. चिवटपणे ओढला गेला, तर अजून वेळ आहे.

उतरवलेला पाक तेल लावलेल्या फरशीवर ओततात आणि कडा आत घेत घेत त्याचा गोळा करतात. येथून खरे नवल सुरू होते. हा गोळा हाताला जेमतेम सोसेल इतका निवाला की एक धिप्पाड तरुण तो खुंटीवर अडकवून, सर्व अंगाचा भार मागे टाकून ओढतो, लांबलेली वादी पुन्हा खुंटीवर फेकतो, पुन्हा ओढतो, पुन्हा फेकतो. आरंभी तिचा रंग काळसर तांबूस असतो. काही वेळाने त्यात सोनेरी झाक येते, आणि शेवटी ती गोकुळाष्टमीला देवाला नेसवावयाच्या रेशमी वस्त्रासारखी फिकट व चमकदार दिसू लागते. त्यात वेगळे द्रव्य काहीच पडलेले नसते. प्रत्येक ओढीबरोबर हवेचे सूक्ष्म बुडबुडे गुळात कोंडले जातात, त्यांवरून प्रकाश फाकतो, आणि तोच गूळ पांढरा भासतो; पुढे दाताखाली तो जो भुसभुशीत लागतो, त्याचेही अर्धे कारण हेच.

ही वादी मग कोमट कढईतील तिळांत घालून एकजीव करतात आणि तो गरम लगदा फरशीवर येतो. तीन-चार माणसे लाकडी मोगऱ्या घेऊन सभोवती उभी राहतात आणि कुटावयास आरंभ करतात. दोन घावांमधल्या अवकाशात एक जण कडेचा भाग उचलून मध्ये दुमडतो. हात मागे घेण्यास त्याला किंचितही उशीर झाला तर बोटे जावयाची. दुमडणे व कुटणे असे चालत राहिले म्हणजे पदरावर पदर चढतात, तीळ फुटतात, त्यांचे तेल पदरांमध्ये उतरते, आणि चिकट लगद्याची खुसखुशीत पोळी होते. ग्वाल्हेर हे ख्याल गायकीचे गाव. तेव्हा या घावांत ताल शोधण्याचा मोह कोणाही लेखकाला व्हावा. पण मी कान देऊन ऐकले, आणि तेथे ताल बिल असे काही नव्हते. लगदा गरम असताना घाव सावकाश व हलके पडत, तो आळू लागला की घाई होई, एकाची मोगरी दुसऱ्याच्या मोगरीवर आदळे, आणि त्यावरून थोडी बाचाबाचीही होई. घड्याळ होते ते थंडीचे. फरशी गार, हवा कोरडी, माल झपाट्याने आळतो, आणि तो आळण्यापूर्वी पदर पडलेच पाहिजेत.

पावसाळ्यात हा उद्योग होत नाही तो यामुळेच. गूळ हवेतील ओल शोषून घेतो. श्रावणात केलेली गजक संध्याकाळपर्यंत लोळागोळा व्हावयाची. दाट धुक्याच्या सकाळी तयार माल तेथे क्षणभरही उघडा ठेवत नाहीत. मोरेना येथून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. तेथील गजकेला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिची चव चंबळेच्या पाण्याची असे तिकडचे लोक सांगतात. पाटणकर बाजारातील मालकांना हा विषय काढलेला आवडला नाही. माझ्यापुरते सांगावयाचे तर पाण्यापेक्षा कोरड्या थंडीला आणि मोगरी धरणाऱ्या दंडांना मी अधिक श्रेय देईन.

मी ज्या आत्याकडे उतरलो होतो, तिचे घराणे पाच पिढ्या या लष्कर भागातले. संक्रांतीला तुमच्याकडे काय वाटतात, असे विचारताच ती म्हणाली, “गजकच की! पुण्याहून कोणी हलवा पाठवला तर तो देवापुढे ठेवते. शेजारणीच्या हातावर ठेवला तर ती विचारते, ये क्या है?” मला हे ऐकून दक्षिण अमेरिकेतील लिमा शहराची हकिकत आठवली. पेरू देशात नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो. तरीही त्या रात्री तेथे घरोघर गरम चॉकलेट पितात आणि इटालियन स्थलांतरितांनी नेलेला पानेतोन नावाचा, सुकी फळे घातलेला गोड पाव खातात. थंडी समुद्रापलीकडे राहिली, पण थंडीतला खाऊ सुटला नाही. लष्करच्या मराठी माणसाने उलट केले: सण दक्षिणेचा ठेवला आणि खाऊ या मातीचा घेतला. स्वभाषा, स्वधर्म आणि स्वयंपाक यांचा अभिमान मिरवणाऱ्या आपल्या समाजाने एवढी लवचिकता दाखवली, याचे श्रेय तत्त्वज्ञानापेक्षा जिभेलाच अधिक द्यावे लागेल.

फरशीवरची पोळी लाटून, पात्याने तिचे लांबट तुकडे पाडले जात होते. मी एक उचलणार तोच कुटणाऱ्यांतील वयस्क कारागीर म्हणाला, “अभी मत खाइए साहब, शाम को खाइए. अभी दाँत में चिपकेगी.” मी तो तरीही खाल्ला, चिकटला, आणि चांगलाही लागला. हा हंगाम कुठवर चालतो असे त्याला विचारले, तेव्हा त्याने सांगितले की संक्रांतीपर्यंत श्वास घ्यावयास फुरसत नसते, पुढे मागणी उतरत जाते, आणि होळीच्या आधीच भट्टी विझते. मालक मग त्याच खोलीत दुसरा माल भरतात, आणि कुटणारे बहुतेक सगळे भिंड-मोरेन्याकडच्या आपापल्या गावी मोहरी काढावयास जातात.