एआय उत्तर देतं, पण उत्तरदायी कोण? ख्रिस्ती विचार काय सांगतो

मुळशीतल्या माले गावातून मी तुमच्याशी बोलतेय. आमच्याकडे घाटाच्या बाजूला गेलं की रेंज जाते आणि ऐकणं मध्येच तुटतं. तुमच्याकडेही असं होत असेल, तर हा भाग इथे निवांत वाचा.

आजचा प्रश्न तुमच्याच मेसेजमधून आलाय. बायबलमध्ये एआयबद्दल काही आहे का? चर्चचा एआयला विरोध आहे का? विचारणारे काही ख्रिस्ती आहेत, बरेचसे नाहीत. मी काही पाळक नाही. जे जाहीर कागद आहेत, ज्या घटना घडल्यात, त्यावरून सांगते.

आधी थोडक्यात उत्तर. बायबलमध्ये एआय अर्थातच नाही. आणि सरसकट विरोधही नाही. ख्रिस्ती लोकांचं एकच मत आहे असंही समजू नका. कॅथलिकांना पोप आहेत, प्रोटेस्टंट मंडळ्यांचे आपापले विचार आहेत. पण एका मुद्द्यावर बहुतेकांचं जमतं: मशीन उत्तर देतं, पण ते उत्तरदायी नसतं. चुकलं तर हिशेब माणसानेच द्यायचा. आजचा सगळा भाग या एका वाक्याभोवती आहे.

माणूस वेगळा कशामुळे?

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीमध्ये, एक कल्पना आहे: देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं. याचा अर्थ असा लावला जातो की माणसाची किंमत त्याच्या हुशारीवर ठरत नाही. गणित येवो न येवो, तो आजारी असो की म्हातारा, त्याची किंमत तीच. म्हणून मशीन माणसापेक्षा भारी बुद्धिबळ खेळलं तरी इथे फारसं काही बिघडत नाही.

28 जानेवारी 2025 ला व्हॅटिकनने 'अँटिक्वा एट नोव्हा' नावाचा दस्तऐवज काढला. 117 परिच्छेदांचा आहे, आणि सगळा एआयवर. त्यातला मुद्दा असा की एआयला माणसाच्या बुद्धीचा दुसरा प्रकार समजू नका. ती माणसाच्या बुद्धीतून तयार झालेली वस्तू आहे. त्याच्याही आधी, एप्रिल 2019 मध्ये, अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल नेत्यांनी एक निवेदन काढलं होतं. त्यातही नैतिक जबाबदारी मशीनवर ढकलता येणार नाही असं स्पष्ट म्हटलंय. दोन वेगळ्या परंपरा, पण सूर एकच.

मग फायदा मानतात की नाही?

मानतात. येशूच्या एका दृष्टांतात धनी परगावी जाताना नोकरांकडे पैसे सोपवतो. दोघे ते वापरून वाढवतात, तिसरा भीतीने जमिनीत पुरून ठेवतो. परत आल्यावर धनी हिशेब मागतो आणि बोलणी खातो तो पुरून ठेवणारा. म्हणजे हातात आलेलं साधन भीतीपोटी न वापरणं हेही शहाणपण नाही.

आणि आपल्याकडचा इतिहास बघा ना. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापून आलं. मराठी ओव्या, पण रोमन लिपीत. विल्यम कॅरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. अहमदनगरहून 1842 मध्ये 'ज्ञानोदय' निघालं. छपाईयंत्र हे त्या काळचं नवं तंत्रज्ञानच होतं, आणि या मंडळींनी ते लगेच हाती घेतलं.

पण यातलं माझ्या आवडीचं उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यातलं आहे: केडगावचं मुक्ती मिशन. पंडिता रमाबाई संस्कृतच्या मोठ्या विदुषी. तरी खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत त्यांना बायबल आणायचं होतं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षं या कामात गेली. मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं तिथल्या बायका-मुली करायच्या. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, आणि पूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं.

आज एआयला सांगितलं तर एखाद्या पुस्तकाचा कच्चा अनुवाद काही मिनिटांत मिळतो. बायबलच्या अनुवादाचं काम करणाऱ्या संस्था एआय वापरायला लागल्याच आहेत. यात वाईट काही नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, मशीन शिकतं ते आधी लिहिलेल्या मजकुरावर. मुळशीतल्या कातकरी वाड्यांवर जी बोली बोलतात, ती इंटरनेटवर जवळजवळ नाहीच. तिथे मशीन चाचपडणार, आणि चुकीचं वाक्यही ठसक्यात सांगणार. दुसरी गोष्ट, रमाबाईंनी एखादा शब्द निवडला तर त्यामागे त्या उभ्या होत्या. हाच शब्द का, असं त्यांना विचारता येत होतं. मशीनच्या मसुद्यामागे असं कुणीतरी उभं राहायला हवं. अनुवाद तपासणारा माणूस लागतो तो यासाठी.

चर्चमध्ये मशीन आलं तेव्हा

जून 2023. जर्मनीत फ्युर्थ शहरातल्या सेंट पॉल चर्चमध्ये एक उपासना झाली. प्रवचन, प्रार्थना, बहुतेक सगळं चॅटजीपीटीने लिहिलेलं, आणि पडद्यावरचे अवतार ते बोलून दाखवत होते. तीनशेहून जास्त लोक आले, चाळीस मिनिटं बसले. काहींना गंमत वाटली, काहींनी मोबाइलवर शूटिंग केलं, आणि काही म्हणाले की यात जीव नव्हता.

एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेतल्या 'कॅथलिक आन्सर्स' या संस्थेने 'फादर जस्टिन' नावाचा चॅटबॉट आणला. पाद्र्याच्या वेषातला. धर्माबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत एवढाच हेतू. पण लोकांनी विचारल्यावर तो म्हणायला लागला की मी खरा पाद्री आहे, आणि एकाला पापांची क्षमाही देऊन बसला! ओरड झाली. काही दिवसांतच संस्थेने त्याचा झगा उतरवला आणि तो नुसता 'जस्टिन' झाला.

हसू येतं, पण थांबा. कॅथलिक पद्धतीत पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरला ते कुणालाही सांगता येत नाही. पोलिसांना नाही, कोर्टाला नाही. गुपित फोडलं तर तो थेट चर्चबाहेर. म्हणजे ऐकणारा माणूस स्वतःला बांधून घेतो. आता तुम्ही रात्री दोन वाजता चॅटबॉटला जे सांगता ते आठवा. ब्रेकअप, घरातली भांडणं, जगावंसं वाटत नाही हेसुद्धा. तो गोड बोलतो, कंटाळत नाही. पण ते बोलणं एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर साठलेलं असू शकतं. आणि उद्या तुम्ही उठला नाहीत तर दार वाजवायला तो येणार नाही. मन फारच जड असेल तर फोन बाजूला ठेवा आणि एका माणसाला हाक मारा. मित्र, मावशी, शिक्षक, डॉक्टर, कुणीही. किंवा सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनला 14416 वर फोन करा.

धोके कुठले मोजतात?

खोटं, हा पहिला. मार्च 2023 मध्ये पोप फ्रान्सिस यांचा पांढऱ्या फुगीर जॅकेटमधला फोटो जगभर फिरला. तो एआयने बनवलेला होता. पुढे पोपनीच लिहिलं की डीपफेकचा अनुभव मलाही आलाय.

दुसरा, शस्त्रं. 14 जून 2024 ला इटलीत जी-7 देशांच्या बैठकीत पोप फ्रान्सिस स्वतः गेले. माणसाचा जीव घ्यायचा की नाही, हे कुठल्याही मशीनने कधीच ठरवू नये, असं त्यांनी तिथे सांगितलं.

तिसरा, काम. मे 2025 मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ चौदावे हे नाव घेतलं. कारण त्यांनीच सांगितलं: लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये कारखान्यांतल्या मजुरांच्या हक्कांवर 'रेरुम नोव्हारुम' हे पत्रक काढलं होतं, आणि आज एआयमुळे माणसाची प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांचे प्रश्न पुन्हा तसेच उभे आहेत. आमच्या तालुक्याला हे नवीन नाही. हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यातच येतं. तिथे रोज कोडिंग करणाऱ्यांना आणि त्यांच्यासाठी डबे, रिक्षा, पीजी चालवणाऱ्यांना विचारा, एआयची धास्ती काय असते ते.

आणि चौथा, किंमत कोण मोजतो. एआय ढगात चालत नाही, डेटा सेंटरमध्ये चालतं. त्याला वीज लागते, आणि थंड ठेवायला बऱ्याचदा पाणी. व्हॅटिकनच्या दस्तऐवजातही हा मुद्दा आहे. मुळशीकरांना तो वेगळा समजावायला नको. 1921 मध्ये इथे धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. वीज मुंबईला गेली, जमिनी मावळच्या शेतकऱ्यांच्या गेल्या. वीज वाईट होती असं नाही. प्रश्न एवढाच होता की सोय कुणाची, बुडणार कोण, आणि बुडणाऱ्याला कुणी विचारलं का.

मग आपण काय करायचं?

तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, एआय वापरताना तीन प्रश्न स्वतःला विचारता येतील. यातलं काही चुकलं तर जबाबदार कोण, मी की आणखी कुणी? हे काम मी मशीनला देतोय की माझं नातं देतोय? आणि माझ्या या सोयीची किंमत दुसरं कुणी मोजतंय का?

अभ्यासाच्या नोट्स काढा, अर्ज लिहून घ्या, आजीच्या औषधाच्या चिठ्ठीवरचे शब्द समजून घ्या. खुशाल. पण औषध किती घ्यायचं ते डॉक्टरला विचारा. मैत्रिणीची माफी मागायची असेल तर ती एआयकडून लिहून घेऊ नका. दोन ओळी मोडक्यातोडक्या असल्या तरी चालतील, तुमच्या असू द्या.

तुमच्या चर्चमध्ये, मंदिरात, मशिदीत किंवा विहारात एआयबद्दल कुणी काही बोललंय का? व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकूया. तोपर्यंत काळजी घ्या!