माझ्या फोनवर चाललं, तुमच्या फोनवर का नाही?

ज्यांचे हेडफोन आज घरी राहिलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

मागच्या भागात आपण बॉइंकबद्दल बोललो. त्यावर एका श्रोत्याने विचारलं, "अ‍ॅप टाकलं, प्रोजेक्ट जोडला, पण सर्व्हर म्हणतो की तुमच्या प्रकारचं यंत्र इथे चालत नाही. माझ्या फोनमध्ये काय बिघडलंय?"

काहीच नाही. पण प्रश्न चांगला आहे, कारण यातच मी एकदा सपशेल तोंडावर पडलोय.

आधी थोडी उजळणी. एक मोठं गणित, त्याचे हजारो तुकडे, आणि ते सोडवणारे जगभरातले रिकामे बसलेले संगणक. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९९९च्या मे महिन्यात 'सेटी अ‍ॅट होम' सुरू केलं, ते याच कल्पनेवर. पुढे तिथेच बॉइंक तयार झालं, म्हणजे कुठल्याही प्रोजेक्टला वापरता येईल अशी व्यवस्था. तुमच्या फोनवर असतो तो क्लायंट. तो सर्व्हरकडे काम मागतो, तुकडा उतरवून घेतो, सोडवतो आणि उत्तर परत पाठवतो. अशा एका तुकड्याला म्हणतात वर्कयुनिट.

आता माझी फजिती. शिकायचं म्हणून मी घरच्या लिनक्स मशीनवर बॉइंकचा सर्व्हर उभा केला. एक छोटा प्रोग्राम लिहिला, साइन आणि कोसाइनच्या लांबलचक बेरजा करणारा. प्रत्येक वर्कयुनिटच्या दोन प्रती पाठवायच्या आणि दोन्ही उत्तरं जुळली तरच खरं मानायचं, असं ठरवलं. माझ्या फोनवर चालवून पाहिलं. सगळं हिरवंगार! मग सहा मित्रमैत्रिणींना सांगितलं, "रात्री फोन चार्जिंगला लावून ठेवा."

सकाळी पाहतो तर बहुतेक उत्तरं अनिर्णित. दोन उत्तरं जुळली नाहीत की सर्व्हर तिसरी प्रत पाठवतो, मग चौथी, ठरलेली मर्यादा संपेपर्यंत. सहा फोन रात्रभर तापले आणि हाती आलं जवळपास शून्य. एक मैत्रीण म्हणाली, "पुढच्या वेळी आधी तुझ्याच फोनवर तपासून घे ना!" तिला काय सांगू, मी नेमकं तेवढंच केलं होतं.

मग चूक कुठे झाली? क्लायंट आणि सर्व्हर जमतात की नाही, हे तपासायच्या चार पायऱ्या आहेत. मी त्यातल्या तीनच चढलो होतो.

पहिली पायरी, जोडणी. क्लायंट सर्व्हरला गाठतो तेव्हा आधी सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र तपासतो. जुन्या क्लायंटकडची प्रमाणपत्रांची यादीही जुनी असते. ३० सप्टेंबर २०२१ला लेट्स एन्क्रिप्टशी जोडलेलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि जगभरातली कितीतरी जुनी सॉफ्टवेअरं चालू सर्व्हरनाही ओळखेनाशी झाली. म्हणून चाचणीत एक तरी जुना क्लायंट हवाच.

दुसरी पायरी, ओळख. काम मागताना क्लायंट आपली माहिती देतो: प्लॅटफॉर्म कुठला, आवृत्ती कुठली, मेमरी किती. सर्व्हर त्या प्लॅटफॉर्मसाठी बनवलेला प्रोग्राम शोधतो. नसेल तर नकार. आपल्या श्रोत्याचं घोडं इथेच अडलंय. प्रोजेक्टवाल्यांनी अँड्रॉइडसाठी प्रोग्राम बनवलेलाच नसेल, तर फोन कितीही महागडा असो, काम मिळणार नाही.

तिसरी पायरी, प्रोग्राम चालतो का? उतरला म्हणजे चालला, असं नसतं. २०१४मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५ने एक नियम सक्तीचा केला: मेमरीत कुठल्याही पत्त्यावर बसू शकेल, अशाच पद्धतीने बांधलेला प्रोग्राम चालेल. जुन्या पद्धतीचे प्रोग्राम सुरू होताच बंद पडायला लागले. याच पायरीवर मी अजून एक गोष्ट करतो. काम अर्ध्यात असताना चार्जर काढतो, थोड्या वेळाने परत लावतो. प्रोग्राम जिथे थांबला त्याच्या आसपास सुरू झाला तर ठीक. पहिल्यापासून सुरू झाला तर तो फोनच्या कामाचा नाही, कारण फोन दिवसातून दहा वेळा चार्जरवरून निघतो.

चौथी पायरी, उत्तर जुळतं का? मी पडलो तो इथे. दशांश अपूर्णांकांचं गणित प्रत्येक यंत्रावर शेवटच्या अंकापर्यंत सारखं येईलच असं नाही. प्रोसेसर, कंपायलर, गणिताची लायब्ररी बदलली की पंधराव्या-सोळाव्या अंकाला फरक पडू शकतो. आणि माझा तपासणारा प्रोग्राम अक्षर न् अक्षर जुळवत होता! माझ्या एकट्याच्या चाचणीत दोन्ही प्रती माझ्याच फोनला गेल्या होत्या. स्वतःच स्वतःचा पेपर तपासला, तर मार्क पैकीच्या पैकी मिळणारच.

उपाय दोन. एक, उत्तरांत किती फरक चालेल ते आधी ठरवायचं आणि तेवढी सूट द्यायची. दुसरा, एका वर्कयुनिटच्या सगळ्या प्रती एकाच प्रकारच्या यंत्रांना पाठवायच्या. बॉइंकमध्ये तशी सोय आहे. मी पहिला निवडला. शिवाय एका माणसाला एकच प्रत, हेही सुरू केलं. मग ज्याचं उत्तर मला आधीच माहीत होतं असं एकच वर्कयुनिट जुना फोन, नवा फोन आणि लॅपटॉप या सगळ्यांना दिलं. जुळलं. त्यानंतरच पुन्हा मित्रांना विचारायची हिंमत केली.

एवढा खटाटोप कशाला? २०१०मध्ये 'आइन्स्टाइन अ‍ॅट होम'ने अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींमधून एक नवा पल्सार शोधला. तो सापडला अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका माणसाच्या संगणकावर. दोन देशांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या यंत्रांनी एकच उत्तर दिलं, हीच तर या पद्धतीची ताकद.

तर श्रोते मित्रा, तुझा फोन ठणठणीत आहे. प्रोजेक्टच्या पानावर अँड्रॉइडचा उल्लेख आहे का ते बघ, क्लायंट अपडेट कर आणि दुसरा प्रोजेक्ट जोडून पाहा. आणि तुमच्यापैकी कुणी सर्व्हर उभा करणार असेल, तर एक लक्षात ठेवा: समोरचा आपली वीज आणि आपला फोन विश्वासाने देतोय. तो वाया जाऊ नये, एवढी काळजी आपली.

भेटू पुढच्या भागात!