मालकी आपली, पाना दुसऱ्याचा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत प्रस्तुत लेखकाची बारा वर्षांची मोटार मोहने येथील घराच्या अंगणात, पुढची दोन्ही चाके काढलेल्या अवस्थेत, लोखंडी स्टँडांवर दोन दिवस उभी होती. आंबिवली स्थानकाकडे जाणारे-येणारे परिचित क्षणभर थांबत, गाडीखालून बाहेर आलेले पाय कोणाचे याचा अंदाज घेत आणि पुढे जात. एका निवृत्त शिक्षकांनी मात्र मोठ्या आपुलकीने विचारले, "सर, प्राध्यापकांचे पगार पुन्हा थकले की काय?"

प्रश्न थट्टेचा होता. परंतु अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने तो थट्टेवारी नेणे बरे नव्हे. ज्याचे काम त्याने करावे, हा श्रमविभागणीचा धडा ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन घालून दिला आणि आम्ही तो दरवर्षी वर्गात गिरवतो. मग अर्थशास्त्राच्या अध्यापकाने पॉवर स्टिअरिंगचा रॅक स्वतः बदलायला का घ्यावा? या प्रश्नाचे जे उत्तर हाती लागले, ते मोटार असलेल्यांच्याच नव्हे, तर शिलाई यंत्र, पंखा, स्कूटर किंवा मोबाइल बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे वाटते.

बिघाड आणि अंदाजपत्रक

चक्र फिरवले की त्याच्या दांड्याच्या टोकाशी असलेले पिनियन हे लहान दातेरी चाक फिरते. ते रॅक नावाच्या आडव्या दातेरी दांड्यात गुंतलेले असते. रॅक डावी-उजवीकडे सरकतो आणि दोन्ही टोकांच्या टाय रॉडमार्फत चाके वळवतो. पॉवर स्टिअरिंगमध्ये या सरकण्याला तेलाच्या दाबाची जोड मिळते. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप हा दाब निर्माण करतो आणि गाडी उभी असताना चक्र पुरते वळवले तर तो चौरस इंचाला हजार पौंडांच्या पलीकडे जाऊ शकतो. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब तीस पौंडांच्या आसपास असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या तेलाला रोखून धरणाऱ्या रबरी सीलांवर केवढा भार असतो याची कल्पना येईल. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२०च्या दशकात ही योजना मोटारीत चालवून दाखवली. विक्रीच्या मोटारींत ती क्रायस्लर कंपनीने १९५१ साली आणली.

आमच्या गाडीत बिघाड झाला तो क्षुल्लक कारणाने. रॅकच्या टोकावरील रबरी आवरण खड्ड्यांच्या रस्त्यावर फाटले, पावसाळ्यात चिखल व वाळू आत शिरली, गुळगुळीत दांड्यावर ओरखडे उमटले आणि सील निकामी होऊन तेल गळू लागले. चक्र जड झाले. एका सेवा केंद्राने संपूर्ण रॅक बदलण्याचे ४२,००० रुपयांचे अंदाजपत्रक हाती दिले. केवळ सील बदलून भागेल का, या प्रश्नाला "तसे करत नाहीत" एवढेच उत्तर मिळाले. ओरखडलेल्या दांड्यावर नवे सीलही फार काळ टिकत नाही, हे पुढे कळले. म्हणजे सल्ला बरोबर होता. पण तो बरोबर आहे की नाही हे ठरवण्याचे कोणतेही साधन त्या क्षणी ग्राहकाजवळ नव्हते, आणि खरी मेख येथेच आहे.

जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते आणि या विषमतेमुळे सगळा बाजारच नासू शकतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एका निबंधात मांडले. २००१ साली नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश झाला. दुरुस्तीची गोष्ट याहूनही एक पाऊल पुढची आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ साली दाखवून दिले, की काही सेवा अशा असतात की त्या विकत घेतल्यानंतरही त्यांची गरज होती का, हे ग्राहकाला कळत नाही. आंबा खाल्ल्यावर गोड की आंबट ते समजते. पण सुरू झालेली गाडी पाहून, बदललेला भाग खरोखर बदलण्याजोगा होता की नाही, हे समजत नाही. येथे ग्राहक केवळ विश्वास विकत घेतो आणि त्या विश्वासाची किंमत समोरचा ठरवतो.

दोन दिवसांचे काम

हे काम एकट्याने केले अशी फुशारकी मारण्याचे कारण नाही. मोहने गावाची ओळख दीर्घकाळ नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे सर्वांच्या तोंडची 'एनआरसी', हीच होती. हा कारखाना २००९ साली बंद पडला आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे रेंगाळला. त्याच कारखान्याच्या देखभाल विभागात वीसेक वर्षे फिटर असलेले एक काका आमच्या शेजारी राहतात. मोटार हा त्यांचा विषय नव्हे. परंतु पंप, सील आणि दाबाखालची नळी यांत त्यांची हयात गेलेली. छापील माहिती वाचण्याचे काम माझे आणि लोखंडाचे मन जाणण्याचे काम त्यांचे, अशी आमची श्रमविभागणी ठरली.

पुढची चाके सरळ ठेवून आधी चक्र जागच्या जागी जखडले, बॅटरीची जोडणी सोडवली. ही काळजी महत्त्वाची असते. कारण दांड्यापासून सुटलेले चक्र गरगर फिरले तर त्याखाली असलेली, एअरबॅगकडे जाणारी गुंडाळलेली तार तुटते. मग गाडी जॅकने उचलून भक्कम स्टँडांवर टेकवली. नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर गाडीखाली शिरणारा माणूस पैसे वाचवत नसतो, जीव पणाला लावत असतो. टाय रॉडची टोके ओढणीच्या अवजाराने सोडवली, तेल डब्यात उतरवले, दाबाची व परतीची अशा दोन्ही नळ्या काढल्या, पिनियनच्या जोडावर खूण केली आणि अखेर रॅकचे बोल्ट हाती घेतले. त्यांतला एक बारा वर्षांच्या गंजाने जाम झालेला. मी पान्याला पाइप लावून जोर करू लागलो, तेव्हा काकांनी हात धरला. म्हणाले, "सर, निघत नाही म्हणून जोर लावायचा नसतो. का निघत नाही ते आधी बघायचं." गंजावर तेल सोडून आम्ही चहा घेतला. तासाभराने तोच बोल्ट मुकाट्याने फिरला.

नवा रॅक बसवताना प्रत्येक जोडाला नवी वॉशर घातली आणि नट ठरलेल्या मापाने, टॉर्कच्या पान्याने आवळले. तेल भरून, चाके अधांतरी असतानाच, इंजिन न लावता चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत वारंवार फिरवले. तेलातील बुडबुडे थांबले तेव्हाच इंजिन सुरू केले. काढलेले जुने तेल बंद डब्यातून तेल गोळा करणाऱ्याकडे पोहोचवले, कारण आमच्या गटाराची वाट उल्हास नदीकडे जाते आणि त्या नदीचे पाणी आम्ही पितो. सरतेशेवटी चाकांचे अलाइनमेंट मात्र दुकानातच करून घेतले. ते घरी होण्यासारखे नाही.

जमाखर्च

आता हिशेब पाहू. रॅक खुल्या बाजारात १७,००० रुपयांना मिळाला. तेल, वॉशर आणि अलाइनमेंट यांना १,४०० रुपये लागले. अवजारांवर २,६०० रुपये गेले. एकूण खर्च २१,००० रुपये. म्हणजे अंदाजपत्रकाच्या मानाने निम्म्याने बचत झाली, असे कोणीही म्हणेल. पण हे म्हणणे फसवे आहे. नाक्यावरच्या साध्या गॅरेजवाल्याने तोच रॅक ४,५०० रुपये मजुरीत बसवून दिला असता आणि अवजारे त्याची असती. तो खर्च २२,९०० रुपये झाला असता. तेव्हा स्वतःच्या हातांनी वाचवले ते फक्त १,९०० रुपये. दोन माणसांचे दोन दिवस, म्हणजे एकूण ३६ तास, त्यावर खर्ची पडले. तासाला जेमतेम ५३ रुपये! स्मिथ महाशयांचा विजय असो.

परंतु हिशेबाचे दुसरे पान अधिक बोलके आहे. उरलेली १९,१०० रुपयांची बचत घामातून आलेली नाही. सुटा भाग अधिकृत दुकानाबाहेर विकत मिळतो आणि तो बसवणारा माणूस नाक्यावर सापडतो, या दोन गोष्टींतून ती आली आहे. ज्या दिवशी या दोन गोष्टी संपतील त्या दिवशी ४२,००० हीच किंमत, आणि तिच्याशी घासाघीस करण्याची सोय नाही. घरी दुरुस्ती करणारे लोक संख्येने नेहमीच मूठभर राहणार. पण वस्तू उघडता येते, भाग मिळतो, माहिती छापलेली आहे, एवढ्या नुसत्या शक्यतेने बाजारातील किमतीला लगाम बसतो आणि त्याचा लाभ आयुष्यात कधी पाना हाती न धरणाऱ्यालाही होतो.

ही भीती काल्पनिक नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची साधने स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना खुलेपणाने मिळू दिली नाहीत, हा त्यांच्यावरील ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेले, तरी गाडी विकल्यानंतरही गिऱ्हाईक बांधून ठेवता येते, हे सत्य त्या निकालाने चव्हाट्यावर आणले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांनी २०१२ साली कौल देऊन, अधिकृत विक्रेत्याला मिळणारी दुरुस्तीची माहिती मालकालाही मिळावी असे ठरवले. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी एक पोर्टल सुरू केले. सुरुवात स्वागतार्ह आहे. मात्र माहितीची सोय होणे वेगळे आणि मागितलेली माहिती मिळालीच पाहिजे असा हक्क असणे वेगळे.

एक रास्त आक्षेप

याच्या विरोधी बाजूलाही वजन आहे. स्टिअरिंग म्हणजे पंख्याचे पाते नव्हे. ढिला राहिलेला एक नट केवळ मालकाचा नव्हे, तर शाळेतून घरी निघालेल्या मुलाचाही घात करील. स्वतःच्या वस्तूवरील हक्काला दुसऱ्याच्या जिवाची मर्यादा असते, हे मान्य केलेच पाहिजे. म्हणूनच कोणत्याही वाचकाने हा लेख वाचून उद्या गाडीखाली शिरावे, असे सुचवण्याचा हेतू नाही. पण या आक्षेपाचे तर्कशुद्ध उत्तर तपासणी हे आहे. माहिती दडवणे हे नव्हे. काम कोणीही करो, त्यानंतर जाणत्याने ते तपासून द्यावे, अशी व्यवस्था हवी. नटाचे माप गुप्त ठेवल्याने नट घट्ट बसत नाही. उलट, अंदाजाने बसवणाऱ्यांची संख्या वाढते.

काळ तर आणखी अवघड येत आहे. नव्या लहान मोटारींत आता तेलाच्या जागी विजेची मोटर चक्राला साहाय्य करते. गळती नाही, इंधनही थोडे वाचते. प्रगती निःसंशय आहे. परंतु अशी यंत्रणा बदलल्यावर बऱ्याच गाड्यांत संगणक जोडून तिला चक्राची मधली स्थिती 'शिकवावी' लागते आणि ते साधन कोणाच्या हाती द्यायचे हे उत्पादक ठरवू शकतो. उद्या बोल्ट सुटेल, भागही मिळेल. पण संकेत मिळणार नाही. तेव्हा काकांच्या हातातील कसब बंद दारासमोर उभे राहील.

आणि हे कसब म्हणजे राष्ट्राची पुंजीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. तेथून नांगर आणि पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुसऱ्याने घडवलेली वस्तू खोलून पाहिल्यावाचून आपली वस्तू घडवण्याची बुद्धी येत नाही. कारखाना बंद पडला की जमीन, यंत्रे, इमारती यांचे मूल्यांकन होते. पण देखभाल विभागातील माणसांच्या बोटांत साठलेले ज्ञान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. ते गावातल्या अंगणांत, नाक्यावरच्या गॅरेजांत जमेल तसे जगत राहते. मात्र त्यासाठी वस्तू उघडता आल्या पाहिजेत.

त्या निवृत्त शिक्षकांना मी नंतर एवढेच सांगितले, की पगार थकलेला नाही. दुसऱ्या दिवशी ते आपली मिक्सरची जुनी मोटर पिशवीत घेऊन काकांकडे आले. काकांनी पाना उचलला, आणि बाजूला उभा असलेला गुरुजींचा नातू, आत काय आहे ते पाहण्यासाठी, पुढे सरकला.