तारा, बाण आणि पुसलेला आकडा

सातारा जिल्ह्यातील एका गावच्या शाळेत काचेच्या कपाटात एक जुनी रायफल ठेवलेली आहे. शेजारच्या पुठ्ठ्यावर मजकूर : ‘कूतच्या वेढ्यातील बंदूक, सन १९१५’. गावातले ऐंशी ओलांडलेले अण्णा दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहतात. त्यांचे आजोबा ११७व्या मराठा पलटणीत होते. कूतला कैद झाले, ते परतलेच नाहीत. “ही त्यांच्या वक्ताचीच हाय का, तेवढं सांगा,” म्हणून अण्णांनी मला बोलावले. मी लष्करातला नव्हे. टपाल खात्यात तीस वर्षे काढली, त्यामुळे पुसट शिक्के वाचायची सवय तेवढी गाठीशी आहे.

बंदुकीवरचे ठसेही टपालाच्या शिक्क्यांसारखेच असतात. एकावर विसंबायचे नसते. कोणता आधी उमटला आणि कोणता नंतर, हे पाहायचे असते.

ली-एनफिल्ड रायफलीत लाकडी दस्ता जिथे पोलादात बसतो, त्या पट्टीच्या उजव्या बाजूला तिची जन्मपत्रिका असते. इथे वर मुकुट, त्याखाली ‘जी.आर.’, म्हणजे राजा जॉर्ज. मग ‘एनफिल्ड’ हे कारखान्याचे नाव आणि त्याखाली साल. ‘बी.एस.ए.’ असते तर बंदूक बर्मिंगहॅमची, ‘जी.आर.आय.’ आणि ‘इशापूर’ असते तर बंगालमधली. त्यातला ‘आय’ सम्राटपदाचा. सालाचे पहिले तीन अंक, १९१, स्पष्ट होते. चौथा घासला गेला होता. पुठ्ठा लिहिणाऱ्याने तिथे पाच वाचला.

पण सालाखाली नमुन्याचे नाव होते : आखूड ली-एनफिल्ड, तीन, आणि तीनच्या पुढे एक बारीक तारा. हा तारा शोभेचा नाही. मूळच्या तिसऱ्या नमुन्यात गोळ्यांच्या पेटीवर सरकणारी एक पोलादी पट्टी असे. ती आत ढकलली की पेटीतल्या दहा गोळ्या राखीव राहत आणि शिपाई एकेक गोळी हाताने भरून झाडी. महायुद्धात लाखो बंदुका हव्या होत्या, तेव्हा ही पट्टी अनावश्यक ठरली. ती गाळलेल्या नमुन्याला जानेवारी १९१६मध्ये मान्यता मिळाली. तारा हे त्या नमुन्याचे चिन्ह.

कूतचा वेढा ७ डिसेंबर १९१५ रोजी पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांच्या फौजेने शरणागती पत्करली. त्यांत पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. वेढा पडल्यानंतर मंजूर झालेली बंदूक वेढ्याच्या आत असणार कशी?

एक शंका उरते. जुन्या बंदुकीवर मागाहून तारा ठोकला असेल तर? तसेही होत असे. म्हणून मी पेटीच्या वरची बाजू तपासली. पट्टी काढून टाकली, तरी तिच्यासाठी कापलेली खाच पोलादात राहते. इथे खाच नव्हतीच. म्हणजे बंदूक जन्मतःच ताऱ्याची. पुसलेला आकडा पाच नव्हता.

बाकीचे ठसे तिचा पुढचा प्रवास सांगत होते. रुंद टोकाचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण; त्याखालचा ‘आय’ भारतीय सेवेचा. नळीखालच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू इशापूरच्या कारागिरांची ओळख. ‘एफ.टी.आर.’ आणि १९४६ म्हणजे त्या साली कारखान्यात संपूर्ण दुरुस्ती. बोल्टवरचा क्रमांक नळीवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. म्हणजे बोल्ट दुसऱ्या कुठल्या तरी बंदुकीचा. शेवटी मोठी अक्षरे ‘डी.पी.’ : केवळ कवायतीसाठी. ज्यांनी एन.सी.सी.त ‘थ्री-नॉट-थ्री’ खांद्यावर वागवली, त्यांना ही अक्षरे आठवतील. ही बंदूक शाळेत आली ती कवायतीच्या पोरांसाठीच.

हे अण्णांना सांगणे जड गेले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजे आमचा आजा तिथं न्हवताच म्हना.”

तसे मुळीच नव्हते. चूक पुठ्ठ्याची होती, आजोबांची नव्हे. मी विचारले, “अण्णा, घरात एखादे पदक, बिल्ला काही आहे का?” देवघरातल्या डब्यातून त्यांनी फडक्यात गुंडाळलेला तीन टोकांचा कासे धातूचा बिल्ला काढला. तो १९१४-१५चा तारा. नात्यातल्या सगळ्यांनी त्याची पुढची बाजू पाहिली होती. मागे कोरलेली अक्षरे इंग्रजीत, म्हणून कुणी वाचली नव्हती. क्रमांक, हुद्दा, आजोबांचे नाव आणि ‘११७ मराठा’. मी बोट ठेवून एकेक अक्षर वाचून दाखवले. नावाशी आल्यावर त्यांनी मला पुन्हा वाचायला लावले.

कोरलेल्या नावाने कूतचा वेढा सिद्ध होत नाही; पलटण आणि युद्धातली हजेरी मात्र सिद्ध होते. बाकीचे घरच्या आठवणीने सांभाळले आहे आणि त्या आठवणीला धक्का देणारे काही मला सापडले नाही.

मुख्याध्यापकांनी पुठ्ठा बदलला. आता तिथे ‘एनफिल्ड, १९१६ किंवा नंतरची, कवायतीची बंदूक’ असे लिहिले आहे. यंदाच्या खंडेनवमीला अण्णांनी आधी बिल्ल्याला कुंकू लावले, मग शाळेत जाऊन बंदुकीलाही लावले. पोरांनी खांद्यावर वाहिलेली आहे, म्हणाले.