पोलिसांवरची तक्रार न्यायची कुणाकडे?

पोलिसाने लाच मागितली, कोठडीत मारलं, कागद न दाखवता घरातून उचलून नेलं, तर तक्रार द्यायची तीही पोलीस ठाण्यातच. ठाणे अंमलदार म्हणतो, "अर्ज देऊन जा." अर्ज चौकशीवर जातो, चौकशी त्याच उपविभागातल्या साहेबांकडे येते आणि काही महिन्यांनी 'तथ्य आढळले नाही' असा शेरा मारून कागद दफ्तरदाखल होतो. या चक्रातून तक्रार बाहेर काढण्यासाठी जी यंत्रणा उभी राहिली, ती म्हणजे पोलीस तक्रार प्राधिकरण.

गंमत अशी, की त्यासाठी न्यायालयात गेलेला माणूस स्वतः पोलीसच होता. उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीस महासंचालक राहिलेल्या प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. निकाल आला २२ सप्टेंबर २००६ रोजी. न्यायालयाने राज्यांना आणि केंद्राला सात आदेश दिले, त्यातला सहावा तक्रार प्राधिकरणांचा. प्रत्येक जिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण, उपअधीक्षकांपर्यंतच्या अधिकाऱ्यांसाठी. राज्य पातळीवर निवृत्त उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय न्यायमूर्तींचं दुसरं, अधीक्षक आणि त्यावरच्यांसाठी. प्रत्यक्ष जागेवर जाऊन चौकशी करायला स्वतःचा कर्मचारीवर्ग ठेवा, हवं तर गुप्तवार्ता किंवा सीआयडीतले निवृत्त तपासी अधिकारी घ्या, हेही न्यायालयानेच सुचवलं. आणि मुख्य म्हणजे, प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून हे प्राधिकरण कायद्यात आणलं, पण आपल्या सोयीने कापून. जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग आला. म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या माणसाने तीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून नागपूर गाठायचं, तेही एखाद्या हवालदाराविरुद्ध. गोव्यात एकच राज्यस्तरीय प्राधिकरण आहे. तेवढ्याशा राज्यात ते चालून जातं, गडचिरोलीत चालत नाही.

काम चालतं ते असं. तक्रार शपथेवर द्यावी लागते. नुसता साधा अर्ज पुरत नाही. विषयांची यादी कायद्यातच आहे: कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न, नियम धाब्यावर बसवून केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं. ही शेवटची बाब वाचली, की यादी करणाऱ्याला महाराष्ट्र चांगलाच ठाऊक असावा असं वाटतं. कुणी तक्रार केली नाही तरी प्राधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकतं. दिवाणी न्यायालयासारखं समन्स काढता येतं, ठाण्याची दैनंदिनी मागवता येते, अधिकाऱ्याला समोर बसवून विचारता येतं. मात्र शिक्षा देण्याचा अधिकार नाही. अहवाल सरकारकडे जातो. सरकारने तो स्वीकारला तर विभागीय चौकशी किंवा गुन्हा. पण कारणं लिहून तो फेटाळण्याची वाटही कायद्याने सरकारला ठेवली आहे. २००६ चं 'बंधनकारक' इथे पातळ झालं.

स्वतःचे तपासनीस असले तर काय घडतं, हे बेलफास्टमध्ये दिसतं. उत्तर आयर्लंडमध्ये नोव्हेंबर २००० मध्ये पोलीस ओम्बुड्समनचं कार्यालय उघडलं. पहिल्या ओम्बुड्समन नुआला ओलोन. त्यांच्या तपासनिसांना पोलिसांसारखेच अधिकार होते. ओमा गावातल्या १९९८ च्या बॉम्बस्फोटात २९ माणसं गेली होती. आधी मिळालेल्या सूचना पोलिसांनी नीट हाताळल्या नाहीत, असं त्यांनी २००१ मध्ये सरळ लिहिलं आणि पोलीसप्रमुख भडकले. पुढे, मुलाचा खून झालेल्या एका बापाची तक्रार आली. तिचा माग काढत २००७ चा जो अहवाल तयार झाला, त्यात विशेष शाखा आपल्या खबऱ्यांना खुनांच्या प्रकरणांतही पाठीशी घालत होती, असं उघड झालं. तिथेही सगळं आलबेल नव्हतं: कित्येक नोंदी गायब होत्या आणि निवृत्त अधिकाऱ्यांना बोलतं करायची सक्ती नव्हती. तरी एका माणसाचा अर्ज एवढ्या लांब पोचला, तो तपास पोलिसांच्या हातात नव्हता म्हणून.

आपल्याकडे अध्यक्षपदी न्यायमूर्ती आहेत, पण तपासासाठी पायपीट कोण करणार, हा प्रश्न आहेच. ज्या खात्याविरुद्ध तक्रार, त्याच खात्याच्या अहवालावर भिस्त ठेवावी लागली तर न्यायमूर्तींची सुनावणीही मंदावते. जिल्हानिहाय प्राधिकरण आणि स्वतंत्र तपासी पथक या दोन गोष्टी झाल्या नाहीत, तर बाकीच्या सुधारणा कागदाचीच शोभा.

तोवर तक्रारदाराने एक करावं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायचा आणि चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर किमान वर्षभर, जपून ठेवायचा आदेश दिला. अंगावरच्या जखमांची वैद्यकीय नोंद आधी करून घ्या आणि त्या दिवसाचं चित्रण राखून ठेवा, अशी लेखी मागणी लगेच द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.