‘पाय मोडला’ म्हणजे नेमके काय मोडले?

आपल्या भाषेत ‘पाय मोडला’ हे दोन शब्द फार मोठा प्रदेश व्यापतात. मांडीचे हाड मोडले तरी पाय मोडला, नडगी मोडली तरी पाय मोडला आणि करंगळीचे पेर मोडले तरी पायच मोडला. बोलताना यात काही बिघडत नाही. जखमी माणूस समोर असतो. बोट दाखवले की काम भागते. परंतु हीच गोष्ट कागदावर लिहावयाची झाली आणि तो कागद दूरच्या, जखमीला कधीही न पाहिलेल्या माणसाने वाचावयाचा झाला, म्हणजे हे दोन शब्द अपुरे पडतात. ही अडचण सोडविण्याचे एक साधन म्हणजे वैद्यकीय संकेतन, म्हणजेच मेडिकल कोडिंग. (इथे ‘कोड’ म्हणजे अंगावर उठणारे पांढरे डाग नव्हेत, हे आधीच सांगितलेले बरे. आमच्या आजीचा तसा समज झाला होता!)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने हा विषय का निवडावा, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर असे की, हा विषय हाडांचा आहे तेवढाच शब्दार्थाचाही आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी १८९३ साली शिकागो येथे मृत्यूच्या कारणांची एक वर्गवार यादी मांडली. निरनिराळ्या देशांतील माणसे कशाने मरतात याची तुलना करावयाची, तर सर्वांनी एका कारणाला एकच नाव दिले पाहिजे, हा त्यामागील विचार. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि यादीत मृत्यूच्या कारणांबरोबर आजार व इजाही आल्या. १९९० मध्ये दहावी आवृत्ती संमत झाली. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे. अमेरिकेने दहाव्या आवृत्तीत आपल्या सोयीची पुष्कळ भर घालून ती १ ऑक्टोबर २०१५ पासून आपल्या रुग्णालयांत लागू केली. तेथे विमा कंपनीकडे जाणाऱ्या बिलावर आजाराचा संकेतांक असावाच लागतो. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत बसून आपल्याकडील कित्येक पदवीधर तरुण-तरुणी अमेरिकेतील रुग्णांच्या कागदांवर हेच संकेतांक घालण्याचे काम करतात.

आता पायाकडे वळू. घोट्याखालच्या पावलात २६ हाडे असतात. टाच व पावलाचा मधला भाग मिळून ७, चवड्यातील लांबट हाडे ५ आणि बोटांच्या पेरांची १४. अंगठ्याला दोन पेरे, बाकीच्या बोटांना तीन-तीन. या साऱ्यांच्या अस्थिभंगाला ‘एस ९२’ हा वर्ग दिला आहे. त्यापुढे टिंब देऊन पोटभेद येतात. शून्य म्हणजे टाचेचे हाड, एक म्हणजे त्यावरचे, घोट्याच्या सांध्यात बसणारे हाड, दोन म्हणजे मधल्या भागातील उरलेली हाडे, तीन म्हणजे चवड्याची लांबट हाडे, चार म्हणजे अंगठा आणि पाच म्हणजे इतर बोटे. घोटा मात्र या वर्गात नाही. तो नडगीबरोबर ‘एस ८२’ मध्ये जातो. आपण ज्याला सरसकट पाय म्हणतो, त्याचे असे काटेकोर वाटे केलेले आहेत.

एक उदाहरण घेऊ. ‘एस ९२.३५१ ए’ हा अमेरिकन पद्धतीचा संकेतांक पाहा. ‘एस’ म्हणजे इजा. ‘९२’ म्हणजे पावलाचा अस्थिभंग. ‘३’ म्हणजे चवड्याचे लांबट हाड. ‘५’ म्हणजे त्यांतील पाचवे, करंगळीच्या रेषेतले. ‘१’ म्हणजे पाय उजवा आणि मोडलेले तुकडे जागचे हललेले. शेवटचा ‘ए’ म्हणजे कातडी न फाटता हाड मोडले असून उपचार चालू आहेत. व्याकरणात एका क्रियापदावरून काळ, पुरुष व वचन ओळखावे, तसाच हा प्रकार आहे.

यातील शेवटचे अक्षर सर्वांत बोलके आहे. कातडी फाटून जखम हाडापर्यंत गेली असेल तर ‘ए’ ऐवजी ‘बी’. उपचाराचा मुख्य भाग संपून रुग्ण केवळ तपासणीस येऊ लागला आणि हाड नीट जुळत असेल तर ‘डी’. जुळण्यास उशीर होत असेल तर ‘जी’, जुळलेच नाही तर ‘के’, वाकडे जुळले तर ‘पी’, आणि मागाहून त्याचाच काही त्रास उरला तर ‘एस’. म्हणजे एका हाडाची सबंध कहाणी या एका अक्षरात पुढे सरकत असते.

यात एक मेख आहे. संकेतांक घालणाऱ्याने क्ष-किरणाची फिल्म स्वतः पाहून निदान ठरवावयाचे नसते. डॉक्टरांनी जे लिहिले, तेवढ्यावरच त्याने चालावयाचे. उघडी जखम की बंद, हे लिहिले नसेल तर ‘बंद’ धरावे आणि तुकडे हलले की नाही, हे लिहिले नसेल तर ‘हलले’ असे धरावे, असा नियम आहे. म्हणजे लेखणी जिथे थांबते तिथे नियम बोलू लागतो. आणि तो खरेच बोलेल याची हमी नाही. तसेच हाडे ठिसूळ करणाऱ्या आजारामुळे साध्या ठेचेने हाड मोडले, किंवा सैनिकाच्या पायाला सततच्या कवायतीने बारीक तडा गेला, तर त्यांचे वर्ग निराळे आहेत. म्हणून ‘कशाने मोडले’ हे लिहिणेही अगत्याचे.

आपल्या गावांत संकेतांक फारसे कोणाला ठाऊक नसतील. पण अपुऱ्या कागदाचा त्रास मात्र ठाऊक आहे. माझे वडील हमाली करतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या पायावर पोते पडले. मिळालेल्या कागदावर ‘पायाला फ्रॅक्चर, प्लास्टर, सहा आठवडे विश्रांती’ एवढेच होते. पुढे दुखणे राहिले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारले, “कोणते हाड मोडले होते? तुकडे सरकले होते का?” फिल्म पावसाळ्यात ओल लागून खराब झाली होती आणि कागद काही सांगत नव्हता. हाड पहिल्यापासून वाकडे बसले की मागाहून हलले, हे अखेर समजले नाही. आपल्याकडे रुग्णाचे दप्तर बहुधा रुग्णाच्याच घरी, खुंटीला टांगलेल्या पिशवीत असते. तो कागद मुका निघाला की पुढचा डॉक्टर अंधारात चाचपडतो.

थोडक्यात, कागदावर सहा गोष्टी हव्यात: पाय उजवा की डावा, हाड कोणते, तुकडे हलले की जागेवर, जखम उघडी की बंद, इजा कशाने व केव्हा झाली, आणि आजची भेट कशासाठी. लिहिण्यास फार तर दोन ओळी लागतात.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात दवाखान्याचा कागद वाचू शकणारे आपणच पहिले आहोत. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, घरातल्या किंवा शेजारच्या कोणाबरोबर दवाखान्यात गेलात, तर निघण्यापूर्वी तो कागद एकदा वाचा आणि या सहांपैकी काही राहिले असेल तर नम्रपणे विचारा. डॉक्टरांच्या ज्ञानावर त्यात अविश्वास नाही. त्यांना जे त्या क्षणी ठाऊक आहे, ते उद्याच्या डॉक्टरांपर्यंत पोचावे, एवढाच त्याचा हेतू. शिक्षणाचा असा उपयोग करण्यासाठी पदवी हाती येण्याची वाट पाहावी लागत नाही.